सेतु, महायंत्र आणि योजकाचें उत्तरदायित्व : मावळांतील तीन कामांचा विचार

(१)

कार्लें येथील चैत्यगृहांतील शिलालेख ज्यांनीं वाचले आहेत त्यांस तेथील दात्यांचीं नांवें परिचयाचीं आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल यानें हें शैलगृह जंबुद्वीपांत उत्तम असल्याचें अभिमानानें कोरविलें. स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांचीं नांवें आहेत. या मोठ्या मंडळींच्या गर्दींत एक अगदीं लहानसा लेख आहे. धेनुकाकटचा राहणारा, वेणुवासाचा पुत्र सामि नांवाचा एक वढकी, म्हणजे सुतार, यानें द्वार केलें, एवढेंच त्यांत सांगितलें आहे. बाकीच्या बहुतेक लेखांत अमुक वस्तु अमक्याचें 'दान' आहे असें म्हटलें आहे. सामीच्या लेखांत मात्र 'केलें' असें क्रियापद आहे. दाता आणि कर्ता हे दोघे भिन्न असतात, आणि कर्त्यालाहि आपलें नांव कामावर ठेवण्याचा अधिकार असतो, हें मावळच्या दगडानें जवळजवळ दोन हजार वर्षें जपून ठेविलें आहे.

नांव ठेवण्याचा अधिकार ज्याला आहे त्याच्याकडे त्या कामाचा जाब विचारण्याचाहि इतरांस अधिकार आहे, असें मानणें प्राप्त होतें. सामीचें द्वार ढासळून कोणी जखमी झाला असता तर लोकांनीं भूतपालाकडे जाण्यापूर्वीं सामीकडे बोट दाखविलें असतें. ही गोष्ट सहज पटण्यासारखी आहे. परंतु द्वाराच्या जागीं घाट फोडणारा लोहमार्ग आला, किंवा नदी अडविणारें धरण आलें, म्हणजे कर्ता कोण आणि त्यानें कोठपर्यंत उत्तर द्यावयाचें हा प्रश्न अवघड होतो. गेल्या पावणेदोनशें वर्षांत मावळांत अशीं तीन मोठीं कामें झालीं : बोरघाटाचा लोहमार्ग, लोणावळ्याची जलविद्युत् योजना आणि मुळशीचें धरण. या तिन्ही कामांचा इतिहास निरनिराळ्या अंगांनीं लिहिला गेला आहे. येथें त्यांचा विचार एकाच अंगानें करावयाचा आहे. नवें यंत्र वा नवें स्थापत्य योजणाऱ्यावर कोणतें उत्तरदायित्व येतें, आपल्या जुन्या शास्त्रकारांना तें ठाऊक होतें काय, आणि मावळांत तें कितपत पाळलें गेलें, हे तीन प्रश्न या लेखाचा विषय होत.

(२)

प्रथम शास्त्राकडे पाहूं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत उपपातकांची जी लांब यादी आहे तींत खाणींवरील अधिकाराच्या जोडीला 'महायंत्रप्रवर्तन' हें एक उपपातक गणलें आहे. सामान्य वाचकाला हा शब्द पाहून आश्चर्य वाटतें. स्मृतिकाराच्या काळीं असें कोणतें महायंत्र होतें कीं जें चालू करणें हें पाप ठरावें? कुल्लूकादि टीकाकार उत्तर देतात कीं, पाण्याचा प्रवाह अडविणारे सेतुबंध वगैरे मोठे बांध हींच महायंत्रें. दुसऱ्या कांहीं टीकाकारांनीं मोठीं जनावरें मारण्याचीं यंत्रें असाहि अर्थ घेतला आहे. तेव्हां हा अर्थ निर्विवाद नाहीं, हें येथेंच सांगून टाकणें बरें. शिवाय त्याच स्मृतीच्या नवव्या अध्यायांत तळें फोडणाऱ्यास देहान्त शिक्षा सांगितली आहे. म्हणजे पाणी सांठविणें हेंच पाप, असा स्मृतीचा अभिप्राय मुळींच नाहीं. तळें हें पुण्यच. पण वाहता प्रवाह आपल्या बळानें अडविणें ही गोष्ट कर्त्याच्या माथीं कांहीं तरी ठेवून जाते, एवढाच बोध या दोन वचनांच्या मेळानें होतो.

याज्ञवल्क्यानें सीमाविवादप्रकरणांत हाच प्रश्न व्यवहाराच्या भाषेंत सोडविला आहे. तेथें दोन नियम लागोपाठ आले आहेत. पहिल्याचा भावार्थ असा कीं, ज्या सेतूनें बाध थोडा व कल्याण मोठें होतें त्यास क्षेत्राच्या स्वामीनें हरकत घेऊं नये. थोडी जागा घेऊन पुष्कळ पाणी देणाऱ्या विहिरीलाहि तोच न्याय. आजचे लोक ज्याला सार्वजनिक हित म्हणतात त्याचें हें जुनें रूप होय. पण लगेच पुढला नियम असा आहे कीं, स्वामीला निवेदन केल्यावांचून जो कोणी दुसऱ्याच्या क्षेत्रांत सेतु घालील त्याच्या त्या कामापासून निघणारा भोग त्याचा नव्हे. तो क्षेत्रस्वामीचा, आणि स्वामी नसल्यास राजाचा. येथें कर्त्याचा हेतु शुद्ध होता कीं नव्हता, लाभ मोठा झाला कीं लहान, हें विचारलेलेंच नाहीं. निवेदन केलें नाहीं, एवढ्यानेंच त्याचा अधिकार गेला. हे दोन नियम वेगळे वाचणें चुकीचें आहे. पहिला नियम योजकाला बळ देतो, दुसरा त्याला बांधतो. आणि पहिल्याचा आधार घेणाऱ्यानें दुसरा विसरतां कामा नये.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, वास्तूच्या प्रकरणांत, आणखी एक बारीक नियम आहे. वरच्या बाजूस आधींचें तळें असतां मागाहून खालीं तळें बांधणाऱ्यानें आपल्या पाण्यानें वरच्या तळ्याचें भिजणारें शेत बुडवूं नये. पाणी मागें फुगतें आणि तें किती फुगेल हें बांधणाऱ्यानें अगोदर ओळखलें पाहिजे, ही अपेक्षा या नियमाच्या पोटांत आहे. आणि शेवटीं भोजराजाच्या समरांगणसूत्रधारांतील यंत्राध्यायाचा उल्लेख केला पाहिजे. लांकडी पक्षी, आपोआप हालणारे सेवक अशा अनेक यंत्रांचें वर्णन करून भोज सांगतो कीं, त्यांची घडण आपण उघड केली नाहीं ती अज्ञानामुळें नव्हे, तर गुप्ततेसाठीं. या वाक्याची पुष्कळांनीं थट्टा केली आहे. प्रत्यक्ष यंत्र जमलें नाहीं म्हणून केलेली ती सबब असेलहि. तथापि जें करतां येतें तें सर्व उघड करावेंच असें नाहीं, हा विचार अकराव्या शतकांत धारेच्या राजाला सुचला होता, एवढी नोंद करण्यास हरकत नाहीं.

या चार वचनांतून योजकाचीं चार कर्तव्यें निघतात : ज्याची जमीन त्याला आधीं सांगणें, बाध आणि कल्याण प्रामाणिकपणें तोलणें, आपल्या कामाचा परिणाम आपल्या हद्दीबाहेर कोठवर जाईल तें आधीं ओळखणें, आणि सामर्थ्य आहे तेवढें सगळें वापरण्यापूर्वीं थांबून विचार करणें. आतां मावळाकडे वळूं.

(३)

बोरघाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ त सुरू झालें आणि १८६३ च्या एप्रिलांत गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्तें तो मार्ग खुला झाला. लांबी सुमारें पावणेसोळा मैल, चढ १८३१ फूट, सर्वांत कठीण जागीं सदतीस फुटांस एक फूट. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल. मुख्य इंजिनीयर जेम्स बर्कले यानें कित्येक वर्षें कडे धुंडाळून अनेक आंखण्यांतून एक आंखणी पत्करली. चढणीच्या मध्यें गाडी उलट दिशेनें फिरविण्याचें स्टेशन ठेविलें. उतारावर गाडी आवरेनाशी झाल्यास ती दरींत न जातां चढावर जाऊन थांबावी म्हणून आडमार्ग योजले. आपलें यंत्र बिघडेल हें गृहीत धरून त्या बिघाडांतहि माणूस वांचावा अशी तजवीज करणें, हें योजकाचें पहिल्या प्रतीचें कर्तव्य होय, आणि तेवढ्यापुरतें बर्कलेला त्याचें श्रेय दिलेंच पाहिजे. मार्ग पुरा झालेला पाहण्यास तो उरला नाहीं; १८६२ सालींच तो वारला.

परंतु गाडींतील उतारूची जेवढी काळजी आंखणींत दिसते तेवढी घाट फोडणाऱ्या मजुराची दिसत नाहीं. एका काळीं या कामावर बेचाळीस हजारांपर्यंत माणसें होतीं. पटकी, ताप, सुरुंग आणि कडे यांनीं त्यांतील पुष्कळांचा बळी घेतला. ठेकेदार फॅव्हिएल याच्या काळीं, १८५९ च्या जानेवारींत, थकलेल्या मजुरीवरून मजुरांनीं दंगा केला, त्यांत एक युरोपियन मारला गेला. त्याच वर्षीं फॅव्हिएलनें काम सोडलें. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येथें येऊन थोडक्याच आठवड्यांत मरण पावला, आणि त्याची विधवा अ‍ॅलिस हिनें तें काम कारभाऱ्यांकरवीं तडीस नेलें. ट्रेडवेल पतिपत्नींचीं नांवें या घाटाच्या प्रत्येक इतिहासांत येतात. मजुराची गणना मात्र हजारांच्या आंकड्यांत होते.

काम पुरें होऊन पांच वर्षेंहि झालीं नाहींत तोंच, १८६७ च्या जुलईंत, माहूकीमळीचा पूल कोसळला. दोष आंखणीचा नव्हता. दगडी बांधकाम आणि चुना निकृष्ट होता. त्यानंतर त्या कंपनीच्या इतर पुलांचीहि तपासणी होऊन पुष्कळांची दुरुस्ती करावी लागली. योजकानें कागदावर बरोबर रेघ ओढली, पण तिच्यावर दगड कोण रचतो आणि कोणत्या घाईनें रचतो याकडे पाहण्याची व्यवस्था पुरी केली नाहीं, तर रेघेची शुद्धता उपयोगी पडत नाहीं.

याच घाटांत शिंग्रोबाचें देऊळ आहे. जाणारे येणारे गाडीवान तेथें आजहि नाणें टाकतात. दंतकथा अशी कीं, इंग्रज इंजिनीयरांना घाटाची वाट सांपडेना. ती शिंग्रोबा नांवाच्या धनगरानें आपल्या गुरांमागून दाखविली, आणि बक्षीस काय पाहिजे म्हणून विचारतां आमच्या लोकांना स्वातंत्र्य द्या असें म्हटल्यावरून त्यास गोळी घातली. या कथेला कागदाचा पुरावा नाहीं, आणि बोरघाटाची वाट कार्ल्याच्या लेण्यांइतकी जुनी असल्यामुळें ती कोणा एकानें 'दाखविण्याची' गरज होती असेंहि म्हणतां येत नाहीं. संशोधकानें ती इतिहास म्हणून स्वीकारूं नये. परंतु दंतकथा ज्या गोष्टीची साक्ष देते ती घटना नसून मत असतें. वाट माहीत असलेला एक आणि वाटेवर नांव कोरलेला दुसरा, असें मावळच्या लोकांस या कामाविषयीं वाटलें, ही गोष्ट मात्र पक्की ऐतिहासिक आहे.

(४)

लोणावळ्याच्या माथ्यावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जो पाऊस कोसळतो तो उताराच्या नियमानें पूर्वेस जातो : इंद्रायणींतून भीमेस, भीमेंतून कृष्णेस, आणि अखेर पूर्वसमुद्रास. कड्यापासून अगदीं जवळ, पण सुमारें सतराशें फूट खालीं कोंकण आहे. हें पाणी माथ्यावर अडवून, आठ कोरडे महिने पुरवून, पश्चिमेस कड्याखालीं सोडलें तर त्या पडण्यांतून मुंबईच्या गिरण्या चालतील, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग यानें जमशेटजी टाटा यांच्यापुढें मांडली. जमशेटजी १९०४ त वारले. पुढें १९१० त कंपनी स्थापन झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजीं गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीं लोणावळ्यास कोनशिला बसविली. लोणावळें, वळवण आणि शिरवतें येथील तलावांचें पाणी नळांतून खोपोलीच्या वीजगृहांत उतरलें, आणि १९१५ त त्रेचाळीस मैलांवरील मुंबईस वीज पोंचली. दगडी कोळशाच्या धुरानें काळवंडलेल्या गिरणगांवास हें मोठेंच वरदान होतें. कोळसा बंगालकडून आणावा लागे. पाणी दरवर्षीं आकाशांतून येई. भांडवल बहुतांशीं देशी होतें. स्वदेशीच्या चळवळीचा तो काळ असल्यानें या योजनेचें कौतुक पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांनीं मनापासून केलें, आणि तें यथार्थहि होतें.

पण कौटिल्याचा तो बारीक नियम येथें आठवतो. पूर्वेची नदी पश्चिमेस वळविणाऱ्या योजकांनीं धरणापाशीं पाणी मोजलें. तेंच पाणी शेंकडों मैल खालीं कोणाच्या वाट्याचें आहे, हा प्रश्न त्या काळीं त्यांना कोणी विचारला नाहीं आणि त्यांनींहि तो विचारात घेतला नाहीं. तो प्रश्न पुढें उठलाच. १९६९ त नेमलेल्या कृष्णा पाणीतंटा लवादापुढें महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांचा जो वाद चालला त्यांत टाटांच्या या जुन्या वळविलेल्या पाण्याचाहि हिशेब झाला, आणि १९७६ च्या अंतिम निवाड्यानें त्यावर मर्यादा घातली गेली. दुसरीकडे तेंच पाणी वीज करून झाल्यावर पाताळगंगेंत उतरतें आणि कोंकणांतील लोकांच्या व कारखान्यांच्या उपयोगीं पडतें; तेव्हां आज तें परत वळविणेंहि सोपें राहिलेलें नाहीं. एका पिढीच्या योजकानें ओढलेली रेघ पुढील तीन पिढ्यांस बांधून टाकते ती अशी.

लोणावळ्याच्या पाठोपाठ आंध्र खोऱ्याची कंपनी १९१६ त निघाली, ठोकरवाडीस धरण झालें आणि १९२२ त भिवपुरीचें वीजगृह चालू झालें. आंदरमावळांतील खोरें पाण्याखालीं जात असतां दक्षिणेस मुळेच्या खोऱ्यांतील लोकांस आपलें भविष्य डोळ्यांपुढें दिसूं लागलें होतें.

(५)

मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून भिऱ्यास वीज करावी अशी तिसरी योजना होती. तिच्यानें मुळशी पेट्यांतील सुमारें पन्नास गांवें आणि दहा हजारांवर माणसें यांचा प्रश्न उभा राहिला. हें खोरें आंबेमोहोर भाताचें. शेतकऱ्यांची तक्रार केवळ नुकसानभरपाई कमी आहे अशी नव्हती. आपल्या शेतांत रीतसर ताबा होण्यापूर्वींच चाचणीचे चर खणले गेले, हें त्यांचें पहिलें गाऱ्हाणें होतें. याज्ञवल्क्याच्या दुसऱ्या नियमाशीं हें गाऱ्हाणें अक्षरशः जुळतें, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. मुळशीच्या शेतकऱ्यानें मिताक्षरा वाचलेली नव्हती; पण सेतु घालण्यापूर्वीं स्वामीला निवेदन केलें पाहिजे हा न्याय त्याच्या हाडांत होता.

१६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सुमारें बाराशें मावळे धरणाच्या जागीं जाऊन बसले आणि काम बंद पडलें. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शिवरामपंत परांजपे, नरसिंह चिंतामण केळकर इत्यादि मंडळी या सत्याग्रहांत निरनिराळ्या वेळीं आणि निरनिराळ्या प्रकारें होती. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. गांधीजींनीं त्याच महिन्यांत आपल्या पत्रांत लिहून टाटांच्या थोर घराण्यानें कायद्यानें मिळालेल्या हक्कावर उभें न राहतां लोकांशीं विचारविनिमय करावा, असें सुचविलें. कांहीं महिने काम थांबलें. वर्षअखेर तें पुन्हां सुरू झालें. अटका झाल्या, परांजपे यांना तुरुंगवास घडला. शेवटीं १९२४ च्या डिसेंबरांत बापटांनीं कंपनीची रेल्वे अडवून शस्त्र हातीं घेतलें, त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली, आणि चळवळ संपली. 'सेनापति' ही त्यांची पदवी याच लढ्यांतली. १९२७ त भिऱ्याचें वीजगृह चालू झालें.

या लढ्याची एक बाजू आपल्या वर्गास अवघड वाटणारी आहे, म्हणून ती झांकून ठेवणें योग्य नव्हे. बुडणाऱ्या जमिनींपैकीं बऱ्याच जमिनी गहाणखतांच्या मार्गानें पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कागदोपत्रीं स्वामी पुण्यांत आणि नांगर धरणारा मुळशींत, अशी स्थिति होती. भरपाईचा दर वाढतांच कागदाच्या स्वामींचा विरोध मावळला. कसणाऱ्याला त्या रकमेंतून फारसें मिळण्यासारखें नव्हतें. तेव्हां निवेदन करावयाचें तें कोणत्या स्वामीला, हा प्रश्न याज्ञवल्क्याच्या वचनांतहि शिल्लक राहतो. खातेवहींत ज्याचें नांव आहे त्यालाच केवळ विचारणाऱ्या योजकानें नियम पाळला, पण धर्म पाळला नाहीं.

कायदा १८९४ चा होता. त्याच्या सातव्या भागांत कंपनीकरितां जमीन घेण्याची तरतूद होती. काम लोकोपयोगी आहे अशी सरकारची खात्री झाली म्हणजे पुरे. म्हणजे बाध अल्प आहे कीं महान्, हें तोलण्याचें पारडें लाभ घेणाराच्या आणि त्याच्या मित्राच्या हातीं होतें. याज्ञवल्क्याचा पहिला नियम घेऊन दुसरा गाळला म्हणजे काय होतें याचें मुळशी हें उदाहरण आहे. दुसऱ्या नियमाचा कांहीं अंश कायद्यांत यावयास फार वर्षें लागलीं. महाराष्ट्रानें धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ त केला; आणि १८९४ च्या कायद्याच्या जागीं आलेल्या २०१३ च्या कायद्यानें खासगी कंपनीसाठीं भूसंपादन करतांना बाधित कुटुंबांपैकीं शेंकडा ऐशींची पूर्वसंमति आणि सामाजिक परिणामांची आगाऊ पाहणी हीं आवश्यक ठरविलीं. मुळशीच्या रामनवमीपासून ब्याण्णव वर्षें त्यास लागलीं.

(६)

येथें कांहीं आक्षेप संभवतात, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, इंजिनीयर हा नोकर; धनी कंपनी, आज्ञा सरकारची; त्याला दोष कां? यास माझें उत्तर असें. धरणाच्या नकाशावर पाण्याची अखेरची पातळी दाखविणारी एक रेघ असते. ती रेघ प्रथम योजकाच्या हातांतून उतरते. कोणतें गांव बुडणार, कोणतें देऊळ पाण्याच्या कांठावर राहणार, हें गांवाला कळण्यापूर्वीं, पुष्कळदां सरकारलाहि कळण्यापूर्वीं, त्या एका माणसाला कळलेलें असतें. ज्ञान ज्याला प्रथम होतें त्याच्यावर निवेदनाचा भार प्रथम येतो. धनी कोणीहि असो, माहीत असून न सांगणें हें कृत्य त्याचें स्वतःचें आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, आजचा प्रश्न जुन्या वचनांवर लादणें हें कालविपर्यासाचें लक्षण होय. हा आक्षेप वजनदार आहे. याज्ञवल्क्यापुढें शेताच्या बांधाएवढा सेतु होता, बाराशें बैलांनीं न हालणारें धरण नव्हतें. परंतु लहान सेतूला जो न्याय लावला तो मोठ्याला लावूं नये असें म्हणणाऱ्यानें, बाध वाढला असतां कर्तव्य कमी होतें, हें सिद्ध केलें पाहिजे.

तिसरा आक्षेप लाभाचा. मुंबईचे दिवे, गिरण्या, १९२९-३० त विजेवर चालूं लागलेली पुण्याची आगगाडी, हें सगळें कोणास नको आहे? कोणासहि नको नाहीं. हा लेख मी विजेच्या दिव्याखालींच लिहीत आहें. धरणें नकोत असें माझें म्हणणें नाहीं. लाभ खरा होता म्हणूनच तो कोणाच्या तोट्यांतून आला हें लिहून ठेवणें प्रामाणिकपणाचें आहे. खोटा लाभ असता तर हा प्रश्न इतका कठीण झालाच नसता.

कर्त्याचें उत्तरदायित्व काम संपतांच संपतें काय, हेंहि पाहिलें पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें मातीचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणहि गेलें, आणि पुणें शहर बुडालें. पाणी सोडण्याच्या मोरीचें काम पुरें होण्यापूर्वींच पाणी सांठविण्याची घाई झाली होती. आणि अगदीं अलीकडे, ९ ऑगस्ट २०११ रोजीं, पवनेचें पाणी बंद नळांतून पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध पवनमावळांतील शेतकरी बऊरजवळ द्रुतगतीमार्गावर आले असतां पोलिसांच्या गोळीबारांत तिघे मृत्यु पावले. नदी वाहती राहिली तर कांठच्या विहिरींना पाझर राहील, ती नळांत शिरली तर राहणार नाहीं, हें त्यांचें भय होतें. नव्वद वर्षांच्या अंतरानें मावळांतील दोन खोऱ्यांनीं तोच प्रश्न विचारला : आम्हांस विचारलें काय?

(७)

मुळशी तालुक्यांतच आज हिंजवडी आहे. तेथें हजारों तरुण संगणकापुढें बसून अशा योजना रचतात कीं ज्यांचे सेतु मातीचे नाहींत आणि ज्यांचें पाणी डोळ्यांस दिसत नाहीं. तीं यंत्रें कोणाच्या क्षेत्रांतून जातात, कोणाची माहिती, कोणाची उपजीविका त्यांच्या रेघेखालीं येते, हें त्यांनाहि सर्वांच्या आधीं कळतें. त्यांतले कांहीं माझे जुने विद्यार्थी आहेत. त्यांना स्मृतीचें वचन सांगितलें तर ते हंसतील. पण स्वामीला निवेदन करा, बाध तोलतांना पारडें स्वतःच्याच हातीं ठेवूं नका, आणि सामीसारखें आपलें नांव कामावर घाला, एवढें सांगितलें तर त्यांस तें समजण्यासारखें आहे. योजक दुर्लभ असतो असें सुभाषितकार म्हणतात. आतां योजक दुर्लभ राहिलेला नाहीं. जाब देणारा योजक दुर्लभ आहे.

अखेर या पत्राच्या वाचकांस एक विनंति. घाटाचे नकाशे, धरणांचे आराखडे, कंपन्यांचे अहवाल हे सर्व सुरक्षित आहेत, कारण ते छापलेले होते आणि त्यांना कपाटें होतीं. बुडालेल्या गांवांचीं दप्तरें मात्र ट्रंकांतून, पोत्यांतून विखुरलीं. भूसंपादनाच्या नोटिसा, भरपाईच्या पावत्या, पाटील-कुळकर्ण्यांचे जमाबंदीचे कागद, देवस्थानांच्या सनदा, गहाणखतें, सत्याग्रहांत तुरुंगांतून लिहिलेलीं कार्डें, हे सगळे लेख मावळांतून उठून गेलेल्या घराण्यांत कोठें कोठें असले पाहिजेत. पूर्वीं आम्ही संशोधक मंडळी शिवकालीन मोडी कागदासाठीं या खोऱ्यांतून पायपीट करीत असूं आणि विसाव्या शतकाची नोटीस हातीं आली तर बाजूस टाकीत असूं. मींहि तसें केलें आहे, आणि आज त्याचा पश्चात्ताप होतो. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं त्यांची नक्कल तरी करून ठेवावी.

उन्हाळ्याच्या शेवटीं पवनेच्या जलाशयाचें पाणी ओसरलें म्हणजे वाघेश्वराचें जुनें देऊळ कांहीं आठवडे उघडें पडतें. लोक चिखलांतून जाऊन दर्शन घेतात. पहिल्या पावसांत तें पुन्हां झांकतें. बुडालेल्या खोऱ्यांच्या कागदांचीहि स्थिति तशीच आहे. ते दिसत आहेत तोंवर वाचून घेतले पाहिजेत.